सही माझी, काम निलोफरचं

“काकू, तुम्ही जरा चहाचं बघता का?”

अकरा माणसं बसली होती. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. पडदे ओढलेले, एसी सुरू, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. नवं सॉफ्टवेअर येणार म्हणून ही सभा. प्रत्येकानं उभं राहून नाव सांगायचं आणि आपली सर्टिफिकेटं पडद्यावर दाखवायची, असं ठरलेलं. कुणाची तीन, कुणाची पाच. परागसाहेबांची नऊ. बिल्ल्यांसारखी ती पडद्यावर चमकली. लोकांनी माना डोलावल्या.

माझी पाळी आली. उठले. पदर सारखा केला. म्हटलं, “मी इथल्या रेकॉर्ड विभागाची इन्चार्ज. सध्या रुग्णांच्या नोंदींचा जो प्रोग्राम चालतो, तो मी लिहिला आहे.”

“सर्टिफिकेट?” परागसाहेबांनी विचारलं.

“बी. ए. इंग्लिश.”

“अरे वा! म्हणजे आमचं स्पेलिंग चुकलं की तुमच्याकडे यायचं.”

हशा झाला. मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. तोंडापुढं हात धरलेला सभ्य हशा होता. मग त्यांनी दाराकडं पाहिलं. शिपाई दिसेना. आणि ते चहाचं वाक्य आलं.

मी गेले. हे नीट सांगायला हवं, कारण मला कुणी ढकललं नाही. मी स्वतःच्या पायांनी गेले. पँट्रीतून ट्रे आणला, अकरा कप, आणि एकेकापुढं वाकत गेले. सहासष्ट वर्षांची बाई. गुडघे दुखत होते. परागसाहेबांनी कप उचलताना विचारलं, “यात साखर नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं.

त्या सभेत मी तेवढा एकच शब्द कामाचा बोलले.

अर्णव, परवा फोनवर तू मला विचारलंस. शेवटचं वर्ष संपत आलं, चाळीस ठिकाणी अर्ज केले, सगळे म्हणतात अनुभव नाही. “आजी, काम नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून काम नाही. सर्टिफिकेटं घेत राहू की कुठंतरी फुकट राबू?” मी तुला पटकन म्हणून गेले, अनुभवासारखं दुसरं काही नाही रे. फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. अनुभव मिळतो खरा. पण तो कुणाच्या नावावर चढतो, हे मी तुला सांगितलं नाही. मला ते चांगलं ठाऊक होतं तरी.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला तिकडे कॅनडात मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवते. मीरा, तू मोठ्यानं वाच आणि दादाला ऐकव. यात तुमच्या आजीबद्दल दोन गोष्टी आहेत. एक, तिचा अपमान झाला. दुसरी, तिनं केला. दुसरी वाचताना थांबू नका.

माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते. घरात इंग्रजी वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं, साहेबाच्या टेबलावरून. वडील ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. अडले की डोक्यात टपली. त्या टपल्यांवर माझं बी. ए. झालं. चौतिसाव्या वर्षी सोलापूरला या दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी हौसेनं एक कॉम्प्युटर आणला होता. त्यावर आपला सोलापुरी टॉवेल पांघरलेला असायचा, धूळ बसू नये म्हणून. शेजारी चार जाड पुस्तकं, सगळी इंग्रजी. कुणी हात लावत नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत वाचत गेले. एका वर्षात नोंदींचा पहिला प्रोग्राम लिहिला. मला तेव्हा कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. काय मागायचं ते माहीत असलेलं माणूसच तिथं नव्हतं.

मी समजत होते, हे माझ्या हुशारीनं झालं. आता कळतं, ते शिळ्या वर्तमानपत्रानं झालं. जिन्याची पहिली पायरी माझ्या घरातच होती. मी ती चढले आणि खाली उभ्या असलेल्यांना म्हणत राहिले, चढा की, अवघड काय आहे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पण त्या प्रोग्रामचं पोट कुणाला उघडता येत नव्हतं, म्हणून दवाखान्यानं मला करारावर ठेवून घेतलं. अडीच वर्षांपूर्वी मदतीला निलोफर आली.

ती आली ती फायलींना नंबर चिकटवायला. वय एकवीस. बारावी होऊन बाहेरून बी. कॉम. करत होती. वडील टेम्पो चालवतात. घर भवानी पेठेत, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. जन्मापासून मागांच्या खडखडाटात बोललेली, त्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. रेकॉर्ड रूममध्ये ती कुजबुजली तरी बाहेर ओपीडीत ऐकू जायचं. पहिल्या आठवड्यात मी तिला रोज दटावायचे. ती म्हणायची, “व्हय मॅडम,” तेही ओरडूनच.

तिसऱ्या महिन्यात ती दोन फायली घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, ह्या दोन बाया एकच हायत.”

“कशावरून?”

“डाव्या हाताला सहा बोटं. दोन्हीत लिवलंय. आईचं नाव एक, गाव एक. फकस्त हितं सविता हाय आन तितं मंगल.”

“लग्नात नाव बदललं असेल.”

“आडनाव व्हय?”

“आडनाव तर बदलतंच. नावही बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. आमच्यात पद्धत आहे.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “या अल्ला. मग पयलं नाव कुटं जातं?”

“कुठं जातं म्हणजे? जातं.”

“तुमचं बी बदललं?”

“बदललं.”

“मग तुमच्या डिगरीवर कुनाचं नाव हाय?”

“पहिलं.”

“मग डिगरी कुनाची?”

मी तिला म्हटलं, काम कर. पण घरी येईपर्यंत माझं पहिलं नाव डोक्यात वाजत राहिलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. इतकी वर्षं मी बायकांच्या फायली जोडत आले, ओळखीनं, आठवणीनं, विचारून विचारून. यासाठी प्रोग्राममध्ये जागा करावी, हे मला कधी सुचलं नाही. आपलंच नाव गेलेल्या बाईला ते गेल्याचं दिसत नाही. त्या पोरीला दिसलं, कारण तिच्या घरात ते जात नव्हतं.

तिनं ती जागा केली. कोड लिहायला मी तिला बसवून शिकवलं नाही. ती माझ्या पाठीशी उभी राहून बघायची, घरी फोनवर शोधायची, दुसऱ्या दिवशी येऊन विचारायची. ‘माहेरचं नाव’ असा एक कॉलम. नुसता कॉलम नाही. आईचं नाव, माहेरचं गाव, जन्मसाल आणि अंगावरची खूण घातली की जुन्या नोंदींतून जुळणारी बाई शोधून पुढं ठेवणारं बटण. मी तपासलं. दोन चुका निघाल्या. तिनं त्या एका दुपारीत काढल्या.

माझी एक नोंदवही आहे. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल तीत लिहायचा. तारीख, काय बदललं, का बदललं, आणि शेवटी इन्चार्जची सही. अगदी पहिल्या दिवसापासून. एक ओळ चुकलेली नाही, एक पान कोरं नाही. मला तिचा फार अभिमान होता. त्या दिवशी मी नोंद लिहिली आणि सही केली. निलोफर शेजारी उभी होती.

“मॅडम, खाली माझं बी नाव टाकू का? बारीक अक्षरात?”

“नोंदवहीत इन्चार्जचीच सही असते. शिस्त आहे ती.”

“व्हय मॅडम.”

पहिल्यांदाच ती हळू बोलली.

पुढं दोन वर्षं प्रोग्राममधला प्रत्येक बदल तिनं केला. माझे डोळे थकले होते आणि तिचा हात बसला होता. लॉगिन माझं. दुसऱ्याला बदलाचं लॉगिन द्यायचं नाही, हीही माझीच शिस्त. ती लिहायची, मी तपासायचे, सही करायचे. डॉक्टर म्हणायचे, “मॅडम, या वयात कमाल करता हं.” मी हसायचे. एकदाही म्हटलं नाही की हे मी केलेलं नाही. खोटं बोलले नाही. फक्त हसले.

मग परागसाहेब आले. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांचे जावई. दर सोमवारी पुण्याहून गाडीनं यायचे, गुरुवारी जायचे. दवाखाना डिजिटल करायचा, नवं सॉफ्टवेअर बसवायचं, त्यासाठी माणसं निवडायची, हे सगळं त्यांच्याकडं. त्या हॉलमधली सभा तुम्हाला सुरुवातीला सांगितली, ती त्यांची पहिली सभा. माणूस वाईट नव्हता. लवकर यायचा, वचावचा बोलायचा नाही. फक्त ज्याच्याकडं कागद नाही तो त्याला दिसायचा नाही.

नवं सॉफ्टवेअर चाचणीसाठी ओपीडीत लावलं. डॉक्टरांच्या शेजारी परागसाहेबांच्या टीममधला एक तरुण बसला, मागं परागसाहेब, त्यांच्या मागं मी आणि निलोफर. अक्कलकोटकडची एक बाई आली. आठवा महिना. सोबत सासू. तरुणानं नाव विचारलं. “सुवर्णा.” त्यानं टाइप केलं. पडद्यावर आलं, नवीन रुग्ण.

निलोफर पुढं वाकली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात कानडीत विचारलं, “तवरमनी हेसर एन री?” माहेरचं नाव काय?

त्या बाईनं आधी सासूकडं पाहिलं. मग खाली बघून सांगितलं, “भाग्यश्री.”

निलोफर शेजारच्या रेकॉर्ड रूममध्ये पळाली. जुन्या प्रोग्राममधून कागद काढून आणला. चौदा वर्षांची असताना भाग्यश्री याच दवाखान्यात पोटाच्या ऑपरेशनला भरती झाली होती. एका इंजेक्शनची तिला भयंकर रिअ‍ॅक्शन आली होती. जिवावर बेतलं होतं. नोंद ठळक होती. डॉक्टरांनी कागद वाचला. मग समोरच्या केसपेपरवर नुकतीच लिहिलेली त्याच इंजेक्शनची ओळ खोडली.

मग परागसाहेब म्हणाले, “ठीक आहे. काही अपवाद असतातच.”

“साहेब, हा अपवाद न्हाय,” निलोफर म्हणाली. “लगीन हाय.”

ओपीडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. बायका हसल्या. ती सासूसुद्धा. परागसाहेबही हसले आणि म्हणाले, “हे मॅचिंग कुणी लिहिलंय?”

“मी,” निलोफर म्हणाली.

“मग ज्युनियर डेव्हलपरच्या दोन जागा निघाल्यात. अर्ज कर.”

तिनं त्याच दुपारी अर्ज केला. अर्जात अट होती. मान्यताप्राप्त सर्टिफिकेट, नाहीतर दोन वर्षांच्या कामाचा लेखी पुरावा. सर्टिफिकेट तिच्याकडं नव्हतं. काम होतं. दोन वर्षं भरली होती. ती नवीन ओढणी घेऊन मुलाखतीला आली. रेकॉर्डची इन्चार्ज म्हणून मला नोंदवही घेऊन आत बोलावलं.

परागसाहेबांनी नोंदवही उघडली. एक पान उलटलं. दुसरं. दहावं.

“काकू, इथं सगळीकडे तुमचीच सही आहे.”

“काम तिचं आहे.”

“सगळं?”

“गेल्या दोन वर्षांतलं सगळं.”

“आणि लॉगिन?”

“माझं.”

“मग हिचं यात काय आहे?”

परागसाहेबांनी वही मिटली. हसून म्हणाले, “तुमची शिस्त मानायला पाहिजे हं, काकू. पोरीनं दोन वर्षं काम केलं आणि तुम्ही तिचं एक अक्षर मागं राहू दिलं नाहीत.”

चहाच्या दिवशी तो मला हिणवत होता. त्या दिवशी हिणवत नव्हता. वहीत दिसत होतं तेवढंच सांगत होता. म्हणून ते जास्त खोल गेलं.

निलोफर त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी, तसं.

तिला सांगितलं गेलं, डेटा एंट्रीसाठी नाव ठेवतो, जागा निघाली तर कळवू.

जिन्यात मी तिला गाठलं. धाप लागली होती. म्हटलं, “निलोफर, मी लिहून देते. अनुभवाचा दाखला देते. आजच देते.”

“आता?”

“हो, आता.”

“मी इचारलं व्हतं, मॅडम. बारीक अक्षरात लिवते म्हनलं व्हतं.”

मी नोंदवही या हातातून त्या हातात घेतली.

“तुमाला चहा द्यायला लावला की नाही, तवा मी दारात व्हते,” ती म्हणाली. “मला लई राग आला व्हता. तुमच्यासाठी.”

आणि ती खाली गेली.

मी त्या जिन्यात उभी राहिले. लोक जात येत होते. एक आया म्हणाली, “बाई, बसता का जरा?” मला बसायचं नव्हतं. त्या दिवसापासून मला कुठंच नीट बसता येत नाही. पुस्तक उघडते, मिटते. कपाट आवरते, पुन्हा आवरते. सभेत मला शिपायाचं काम सांगितलं, तेव्हा मी रात्रंदिवस जळत होते. तीस वर्षांचं काम पडद्यावर दाखवता आलं नाही म्हणून. आणि मी काय केलं होतं? मी त्या पोरीच्या कामावर दोन वर्षं माझं नाव घातलं होतं. तांदळाच्या ताटात नाही. नोंदवहीत. पेनानं. रोज.

तिनं मला कधी उलट विचारलं नाही, कारण मी तिच्याशी चांगली वागत होते. ईदला तिला साडी दिली होती. तिच्या आईच्या हातचा शिरखुर्मा खाल्ला होता. माझ्या डब्यातली शेंगाचटणी रोज तिला द्यायचे. मला वाटायचं, मी वेगळी आहे. वेगळी कसली. परागच्या ओठांवर जे होतं तेच माझ्या हातात होतं. तो बोलून मोकळा झाला. मी सही करून.

दोन दिवसांनी पराग खाली रेकॉर्ड रूममध्ये आला. पहिल्यांदाच. हातात एक कागद. ‘जुन्या सर्व नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण व अचूक आल्या आहेत, याची मी खात्री केली आहे.’ खाली जागा, रेकॉर्ड इन्चार्जची सही. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. पाहुणे ठरले होते. कायद्यानं सही माझीच लागत होती. बी. ए. इंग्लिशची.

“माहेरच्या नावाचा कॉलम आला का?” मी विचारलं.

“पुढच्या व्हर्जनमध्ये येईल.”

“तोवर?”

“तोवर न जुळणारे अपवाद हातानं बघू.”

मी पेनला टोपण लावलं. “मी सही करणार नाही.”

“काकू, इगोचा प्रश्न करू नका.”

“मी तुमची काकू नाही. मी या दवाखान्याची रेकॉर्ड इन्चार्ज आहे. आणि या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे.”

सहासष्ट वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हटलं होतं आणि पाठोपाठ माफी मागितली नव्हती.

त्यानं खुर्ची ओढली. आवाज खाली आणला. “ठीक आहे. तुम्ही सही करा. मी त्या मुलीला ज्युनियर म्हणून घेतो. पुराव्याचं मी बघतो. चालेल?”

इथं मी तुम्हाला खरं सांगते. टोपण मी परत काढलं. सही केली नाही, पण काढलं. मला वाटलं, माझी चूक एका सहीत भरून निघते आहे. म्हटलं, “उद्या सांगते.”

निलोफर आतल्या खोलीत फायलींना नंबर चिकटवत होती. पुन्हा तेच काम. समोर फोन उभा करून ठेवलेला, त्यावर सर्टिफिकेटच्या परीक्षेचा इंग्रजी व्हिडिओ चालू. वहीत ती इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून घेत होती. मी तिला सगळं सांगितलं. सही, कॉलम, जागा. ती ऐकताना थांबली नाही.

“मला कशाला इचारता? माजी कुटं सही हाय त्यात?”

मी तिच्यापुढचा फायलींचा गठ्ठा सरळ केला.

मग तिनं विचारलं, “ती भाग्यश्री कदी येनार बाळंतपनाला?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग करू नका सही.”

“तुझी जागा जाईल.”

“जागा नव्हतीच की मॅडम. जाईल कुटनं?” ती हसली. मग हसणं गेलं. “त्येनं खिशातनं काडून दिलेली मला नको. माजी हाय ती मला पायजे. आन हा कागद बी घेनार मी.” तिनं फोनकडं बोट केलं. “कागद नसला की लोकं कामाला कागद मागत्यात. कागद असला की काम मागत्यात. मी दोन्ही घिऊन जानार. बगू काय मागत्यात ते.”

“मी इंग्रजी शिकवू?”

“शिकवा. पर उपकार म्हनून नको.”

अर्णव, तुला अनुभव मोठा की सर्टिफिकेट, हे विचारायचं होतं. मी सर्टिफिकेटची टिंगल करणार नाही. ज्याच्यामागं कुणी उभं नाही, त्याला तो कागद लागतो. परागकडं नऊ सर्टिफिकेटं होती आणि एक सासरे होते. निलोफरकडं काम होतं आणि मी होते. काम आणि मी, दोघंही तिला उपयोगी पडलो नाही. कागद घे. काम कर. पण केलेल्या कामाखाली तुझं नाव लिहिल्याशिवाय उठू नकोस. आणि उद्या तुझ्या हाताखाली कुणी आलं, तर त्याचं नाव लिहायला त्यानं विचारायची वाट बघू नकोस. मीरा, तूही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन परागला सांगितलं, सही नाही. तो म्हणाला, विश्वस्तांच्या सभेत तुमच्या कराराचा विषय ठेवतो. म्हटलं, ठेवा. म्हणाला, नोंदवही वर पाठवून द्या. म्हटलं, मी स्वतः घेऊन येईन.

ती सभा उद्या आहे. मला बोलावलेलं नाही.

आज पाणी यायचा दिवस. सकाळी टाकी भरली, पिंपं भरली, कपडे धुऊन वाळत घातले. मग नोंदवही घेऊन बसले. आज तिसरा दिवस. दोन वर्षांतल्या एकेका ओळीखाली लाल शाईनं लिहिते आहे. खाडाखोड करत नाही. माझी सही तशीच ठेवली आहे, ती कुठं कुठं बसली होती हे दिसू दे. खाली आजची तारीख आणि ‘दुरुस्ती: हे काम निलोफरचं’. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. काही ठिकाणी तो बदल काय होता, हे मलाच आठवेना. तिला फोन करून विचारलं. तिला सगळं आठवतं. प्रत्येक ओळ.

शेवटच्या पानावर मी माझ्या हातानं लिहिलं आहे की हे काम दुसऱ्याचं असताना मी आपल्या नावावर चालू दिलं, आणि शिस्त हे त्याला मी दिलेलं नाव होतं.

उद्या दहा वाजता मी वर जाणार. ते पान मी मोठ्यानं वाचणार आहे, मराठीत, दारातल्या शिपायालाही कळेल असं. अध्यक्ष ऐकतील, त्यांचे जावई ऐकतील. कुणी म्हणेल, बाई, हा आजचा विषय नाही. मी म्हणेन, माझा आहे. माझा करार संपवतील. संपवू देत. तो कॉलम नसलेल्या कागदावर माझी सही त्यांना मिळणार नाही, आणि निलोफरचा अर्ज टेबलावर परत उघडेपर्यंत मी त्या खोलीतून हलणार नाही.